रुसायचा मान

जावयानं लग्नात रुसायचं असतंय. हे काय माझ्या डोक्यातनं निघालेलं न्हाय, बाप-आज्यापासनं चालत आलंय. मांडवात जावई रुसला न्हाय तर लोक म्हणत्यात, ह्याला ह्या घरात कुणी इचारत न्हाय वाटतं.

मी बंडप्पा, बेंबळीचा. सासुरवाडी लोहाऱ्याची. त्या घरचा मी थोरला जावई, आन् तिथल्या एकाबी लग्नात मी रुसल्याबिगर जेवलो न्हाय. एकदा रेशमी म्हणून सुती फेटा बांधला, रुसलो. निजामाचं राज गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरचं पहिलं लगीन, लोकांच्या पोटातलं भ्या अजून गेलं नव्हतं, सासरा हात जोडून म्हणाला, "जावईबापू, औंदा तरी नका." औंदा नका म्हणजे? आहेराला माझं नाव दुसरं पुकारलं, तरी गप बसू व्हय? गेलो आन् कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसलो.

मग समजवायला यायची ती आमची शारदा. हातात गुळपाण्याचा तांब्या, पदराला धरून तिच्या भावाची चिमुरडी पोरगी शामला. शारदा सगळ्यांदेखत म्हणायची, "उठा आता. तुमी न्हाय जेवला तर मला जेव म्हणणारं कोण हाय?" मी तोंड फिरवायचो. मागनं तिचा भाऊ वीरप्पा यायचा आन् हसू दाबत म्हणायचा, "चुकलं, दाजी." तिसऱ्यांदा बोलवलं की मी उठायचो. बायका पदराआड हसायच्या. शारदाला माझ्या रुसण्याचा कधी राग आला न्हाय. "माझ्या माहेरावर हक्क हाय म्हणून रुसताव," म्हणायची. बाईनं बरोबर वळखलं व्हतं.

ती जाऊन दोन वर्सं झाली. पोटी लेकरू न्हाय. असतं तर त्याचा मामा म्हणून तरी वीरप्पा येत-जात राहिला असता. आता मधला दोराच तुटला. घरात एकटाच भाकरी थापतो, एकटाच खातो, आन् खरं सांगू का, मला कुणी जेव म्हणत न्हाय ह्याचं लई वाईट वाटतंय.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच शामलाचं लगीन निघालं. मी मनात ठरवलं, बघायचं. शारदाबिगर मी त्या घरचा कोण, ते ह्या लग्नात कळंल. रुसायचं, आन् कोण येतंय ते बघायचं.

पर रुसायला कारण तर पायजे! वीरप्पा स्वतः बेंबळीला येऊन अक्षत देऊन गेला. लोहाऱ्याला यष्टीतनं उतरलो तर गाडी हजर. पाय धुवायला पाणी कोमट. फेटा रेशमी, माझ्या आवडीचा, केशरी. आहेराला पहिलं नाव माझं. आरं, बोट ठेवायला जागा न्हाय! पहिलं असं नव्हतं. पहिलं वीरप्पा माझं पायताण लपवायचा, "आले बरं का रुसूबाई" म्हणून पोरांना सांगायचा. आता, "बसा दाजी, दमला असाल. काय कमी-जास्त लागलं तर सांगा." असं परक्या पाहुण्याशी बोलत्यात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पर मानानं वागणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

शेवटी पानात कात जास्त झाला म्हणून रुसलो. लाज वाटण्यासारखंच कारण, पर दुसरं घावलंच न्हाय.

उठलो आन् चिंचेखाली वऱ्हाडाच्या गाड्या सोडल्या व्हत्या तिथं जाऊन एका जुवावर बसलो. मांडवाकडं पाठ करून. लगीन लावणाऱ्या स्वामींचा आवाज आला, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या. माझ्या मुठीतल्या अक्षता तिथंच मुठीत. गव्हाच्या गोड हुग्गीचा वास सुटला. पहिली पंगत बसली. कुणी फिरकलं न्हाय. वीरप्पाचा एक चुलतभाऊ बैलाला पाणी दाखवायला आला. मला वाटलं, आला. तो म्हणाला, "सावलीला बरं वाटतंय न्हवं, दाजी? बसा बसा, पडा जरासं."

रुसलेल्या माणसाला पडा म्हणतंय! इतकं रडू आलं की फेट्याचा शेव तोंडावर घेतला.

तेवढ्यात मागं पावलं वाजली. वळून बघितलं तर वीरप्पा, त्याची बायको नागव्वा, आणखी दोघं-चौघं, लगबगीनं माझ्याकडंच येत व्हते. नागव्वाच्या हातात गुळपाण्याचा तांब्या! झटकन् तोंड फिरवलं. पहिल्या हाकंला उठायचं न्हाय, हे ध्यानात व्हतं.

ते माझ्या शेजारनं पुढं गेले.

पलीकडच्या गाडीआड नवरदेव बसला व्हता, कवा येऊन बसला मला कळलंबी न्हाय. शिवप्पा, त्यो बी रुसलेला. ह्यांनी लई विनवण्या केल्या, गडी ऐकंना. मग वीरप्पा घाम पुसत माझ्याकडं आला. "दाजी, तुमीच चला. तुम्हाला ह्यातलं कळतंय."

मला ह्यातलं कळतंय! हसावं का रडावं? तांब्या घेतला आन् गेलो. बाकीच्यांना जरा लांब उभं केलं.

"कशावर रुसला, जावईबापू?"

"माझ्या दोस्तांना पहिल्या पंगतीला बसवलं न्हाय."

"कारण चांगलं हाय," म्हणलं. "खरंच चांगलं हाय. पर दोनदा बोलवून झालं न्हवं? तिसऱ्यांदा उठायचं असतंय. त्याच्या पुढं ताणायचं न्हाय."

पोरगं जरासं हसलं. मग इचारलं, "तुमी मघापासनं इथं कशाला बसला व्हता?"

"सावलीला," म्हणलं.

वीरप्पाला हाक मारून सांगितलं, "पोरीला आण." नागव्वा दचकली, "नवरी कुठं अशी येती व्हय, दाजी?" म्हणलं, "येती. ह्या घरातली येती." दुसरं कोण सांगणार त्यांना?

शामला आली. हळदीचे हात, मान खाली, मुंडावळ्या गालावर. मला वाटलं, नुसती उभी राहील. म्या दिलेला तांब्या तिनं नवऱ्यापुढं केला आन् अगदी हळू म्हणाली,

"उठा आता. तुमी न्हाय जेवला तर मला जेव म्हणणारं कोण हाय?"

शब्दाला शब्द. पदराला धरून उभी राहायची, तवाच ऐकून ठेवलं व्हतं पोरीनं. बायका हसल्या. शिवप्पा लाजला, दोन घोट प्याला आन् उठला. कुणाच्या ध्यानातबी आलं न्हाय की हे बोलणं कुणाचं. शामलानं तेवढं तांब्या माघारी देताना माझ्याकडं बघितलं, डोळे भरले तिचे. पर नागव्वा तिला दंडाला धरून घेऊन गेली, दुसरी पंगत खोळंबली व्हती.

सगळे मांडवाकडं वळले. जाता जाता वीरप्पा म्हणाला, "लई उपकार झाले, दाजी. जेवलात न्हवं?"

"जेवलो की," म्हणलं.

खोटं बोललो. त्यानं थांबावं, खोटं धरावं, हाताला धरून ओढावं म्हणून बोललो. पर पोरीच्या बापाला त्या दिवशी थांबायला कुठली सवड? त्यो गेला.

मी पुन्हा जुवावर जाऊन बसलो. ह्या बारीला मांडवाकडं तोंड करून. तांब्यात तळाला गुळपाणी राहिलं व्हतं, ते पिलो. बैल कडबा खात व्हते. दुसरी पंगत उठली, तिसरी बसली. वाढपी ओरडत व्हते, "कुणी राहिलंय का?"

मग मीच म्हणलं, चांगलं मोठ्यानं, शारदा म्हणायची तसं, "उठा आता."

पहिल्यांदा उठलो न्हाय. दुसऱ्यांदा म्हणलं, तरी न्हाय. तिसऱ्यांदा म्हणलं, आन् मुठीतल्या अक्षता मांडवाच्या दिशेनं टाकून उठलो.