मारेकरी नव्हेत त्या

श्रुतिका परळच्या एका प्रयोगशाळेत गर्भाशयाच्या अस्तरावर संशोधन करायची. तिची आई सुलक्षणा दिंडोशीच्या त्यांच्या कॉलनीतल्या महिला मंडळाची चिटणीस. "परदेशात जाऊन भाषणं देतेस, एकदा आमच्या बायकांनाही सांग की," असा आईने धोशाच लावला. शेवटी एका रविवारी दुपारी श्रुतिका सोसायटीच्या ऑफिसात पंचवीसेक बायकांसमोर उभी राहिली.

सुरुवात छान झाली. गर्भ रुजतो तेव्हा अस्तरात रोगप्रतिकारक पेशींची दाटी होते, त्यातल्या बऱ्याचशा एकाच जातीच्या असतात, हे तिने फळ्यावर चित्र काढून दाखवलं. त्यांचं इंग्रजी नाव 'नॅचरल किलर'. बायकांना कळावं म्हणून ती सहज बोलून गेली, "मराठीत म्हणायचं तर मारेकरी पेशी."

पलीकडच्या विंगमधल्या माधुरीकाकू उठून उभ्या राहिल्या. लग्न होऊन देवगडहून आलेल्या, आता साठीच्या. एरवी मंडळात त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. आज तो बारीक झाला होता.

"श्रुती, माझा सुयोग व्हायच्या आधी माझे दोन गेले, दोन्ही तिसऱ्या महिन्यात. सासू म्हणायची, मी भरलेला हंडा उचलला म्हणून. ते मी इतकी वर्षं धरून चालले. आता तू म्हणतेस, माझ्याच पोटात मारेकरी होते?"

प्रयोगशाळेत दिवसातून दहादा उच्चारला जाणारा शब्द. तो ऐकून कुणाला असं काही वाटेल, हे श्रुतिकाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नाही काकू, चुकलंच माझं," ती म्हणाली. खडू ठेवून ती पुढच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांच्याकडे तोंड करून बसली. "रक्तात याच जातीच्या पेशी असतात. त्या आजारी पेशींना मारतात, म्हणून सगळ्यांनाच ते नाव पडलं. गर्भाशयातल्यांचं काम निराळं. आईच्या तिथल्या रक्तवाहिन्या अरुंद असतात. त्या रुंद करायला या पेशी मदत करतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं आणि बाळ पोसतं."

"मग माझे दोन का गेले?"

"तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं, ते आज मी सांगू शकत नाही. पण गर्भ इतक्या लवकर जातो तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा त्याच्या गुणसूत्रांचीच जुळणी सुरुवातीपासून चुकलेली असते. रोजच्या घरकामाने ते होत नाही. हंड्याने तर नाहीच."

काकू उभ्याच होत्या. "हे पुस्तकात आहे, का माझ्या समाधानासाठी सांगतेस?"

"पुस्तकात आहे. समाधानासाठी मी खोटं सांगणार नाही."

"आणि सुयोगच्या वेळी त्यांनी काम केलं?"

"केलंच असणार. किती वजन होतं त्याचं?"

"आठ पौंड!" काकूंचा नेहमीचा आवाज परत आला. "नर्स म्हणाली होती, वॉर्डात असं बाळ नाही." शेजारच्या बाईने त्यांचा हात धरून त्यांना बसवलं. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि हुकूम सोडला, "हां, आता पुढचं सांग."

मग प्रश्नांची नुसती झुंबड उडाली. कुणाची सून पाचव्या महिन्यात होती, कुणाला बीपीचं विचारायचं होतं. दोघीतिघींनी आपल्या गेलेल्या बाळांबद्दल सांगितलं. शेजारणींना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चहा दोनदा गरम करावा लागला, बटाटेवडे गार झाले, तरी कोणी उठेना.

अंधेरीच्या ऑफिसात रविवारीही कामावर गेलेल्या सुयोगला काकूंनी तिथूनच फोन लावला. "अरे, मी हंडा उचलला त्याने काही झालं नव्हतं. श्रुती म्हणते."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकू हसल्या. "घरी ये, मग सगळं सांगते. आणि येताना पाव आण."

सुलक्षणाने लेकीच्या हातात वड्याची बशी दिली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. श्रुतिकाला भूक लागली होती. तिने गार वडाच चवीने खाल्ला.