गिनतीत एक जास्त

"अहो, खुर्ची आहे ना!" डॉक्टर आम्रपालीबाई म्हणाल्या, तेव्हा कुठे आकाराम भानावर आला. जेलर हंबीरराव नुसतं 'बस' म्हणाले आणि हा पठ्ठ्या भिंतीकडेला फरशीवर उकिडवा बसला होता, हात गुडघ्यांवर, मान खाली. सात वर्षं याच तुरुंगात रोज कैद्यांच्या गिनतीला असं जोडीजोडीनं बसायचं. सुटून दोन वर्षं झाली, तासगावला बेदाण्याच्या शेडवर घाम गाळला, तरी मेली सवय सुटेना.

"बघितलंत बाई?" हंबीरराव हसले. "ह्याला नोकरी देणार? दारू पिऊन सख्ख्या भावाला खोऱ्याच्या दांड्यानं ठेचलाय ह्यानं."

"म्हणूनच! दारुड्या कैद्यांजवळ बसायला दारूतून उठलेलाच माणूस हवाय. मंजुरी आलीय. तुमची सही तेवढी हवी."

आकारामचा जीव त्या सहीत अडकला होता. भावाला, हरिबाला मारलेल्या या हातांनी एक तरी माणूस वाचवायचा होता त्याला.

तेवढ्यात बराकीतून किंकाळी आली. सगळे धावले. तिसऱ्यांदा आत आलेला, आकारामच्या वेळचा नाथाजी, तीन दिवस दारूचा थेंब नाही, जर्मनची थाळी घेऊन दारात उभा होता. थाळीच्या कडेनं त्यानं शिपायाचा कान फाडला होता. "मुंग्या! काढा रं मुंग्या!" असं ओरडत तो स्वतःचाच दंड सोलत होता.

"लाठ्या घ्या रे! मोडा हाडं!" हंबीरराव गरजले.

लाठ्या येण्याआधी आकाराम आत घुसला. थाळी खाडकन तोंडावर बसली. दोन दात पडले. दुसरा घाव कपाळावर. अन् हो, त्याच्याही मस्तकात तीच जुनी आग गेली, मूठ वळली. एका ठोशात नाथाजी मेला असता.

आकाराम मटकन उकिडवा बसला.

"नाथाजी, जोडी लाव गड्या. गिनती हाय."

नाथाजी बघत राहिला. मग थाळी टाकून मुकाट्यानं शेजारी बसला.

"मुंग्या रं..."

"मलाबी चढल्या व्हत्या. उतरत्यात. मी हाय न्हवं हितं."

एवढ्यात लाठ्या आल्याच. आकारामनं नाथाजीला छातीखाली घेतलं. चार दणके त्याच्याच पाठीवर फुटले. "थांबा! माराल कुणाला तरी!" डॉक्टरबाई मध्ये पडल्या, तेव्हा हात थांबले.

बाईंनी इंजेक्शन दिलं. नाथाजीची थरथर थांबेना आणि त्याच्या मुठीतून आकारामचा हात सुटेना. दिवस मावळताना हवालदार कैदी मोजत आला. पुन्हा मोजलं.

"साहेब, एक जास्त भरतोय!"

हंबीरराव त्या जोडीजवळ आले.

"त्यो कैदी न्हाई. आपला माणूस हाय," ते हळूच म्हणाले. "कागद आणा, सही करतो. अन् त्याला खुर्ची द्या रे."

"नगं साहेब," आकाराम म्हणाला. "मी उठलो तर ह्योबी उठंल."

त्यानं बाहीनं तोंडातलं रक्त पुसलं आणि तो तसाच बसून राहिला.