ड्यूकच्या बहिणीची चार गावं

शुक्रवारी, आखातातल्या सुट्टीच्या सकाळी, अल थुमामा वस्तीतल्या हरिदासबुवांच्या घरी कीर्तन छान रंगलं होतं. पेटीवर बसलेल्या निवृत्तीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. रास लफानच्या गॅस कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करूनही बुवांची साथ न चुकवणारा हा माणूस आज सारखा त्याच्या गावच्या पोपटरावांच्या काळ्या बॅगेकडे बघत होता.

बॅगेत त्याचा कागद होता. वडिलांच्या शेतीचे वारस दोघेच, निवृत्ती आणि बालाजी, असं शपथेवर लिहिलेला, एम्बसीचा शिक्का मारलेला. थोरल्या बहिणीचं, फुलाबाईचं, नाव त्यात नव्हतंच. "अक्काला काय कमी हाय? सही कर, मिटव एकदाचं," असं धाकटा बालाजी चार महिने फोनवर घोकत होता. शेवटी निवृत्तीने वैतागून सही केली. पोपटराव दुपारच्या विमानाने गावी निघाले होते.

बुक्का लावून झाला आणि बुवांनी आख्यान लावलं. "मंडळी, आजची कथा परदेशातली बरं का! एक होता ड्यूक. ड्यूक म्हणजे आपला जहागीरदारच समजा, फक्त अंगावर कपडे जास्त!"

हशा पिकला. बुवांनी चिपळ्या सावरल्या. ड्यूक लढाईवर गेला असताना धाकट्या भावाने किल्ला बळकावला. बारा वर्षं ड्यूक या राजाच्या दारातून त्या राजाच्या दारात, परक्यांच्या तबेल्यात निजत हिंडला. "आणि शेवटी म्हणाला, बाबा रे, किल्ला तुझा, जहागीर तुझी. बहिणीला आंदण दिलेली चार गावं, तीही तुझीच. मला देवाचं नाम पुरे!"

माणसं डोळे पुसू लागली. बुवांनी गजर उचलला. निवृत्तीचं बोट भलत्याच पट्टीवर पडलं. स्वतःचं सोडलं, तो साधू खरा. पण बहिणीची चार गावं? ती सोडणारा हा कोण? तिला कुणी विचारलं?

तेवढ्यात पोपटरावांनी घड्याळ पाहिलं, बॅग उचलली आणि वाकून हळूच बाहेर पडले.

पेटी थांबली. भर गजरात साथीदार उठून गेला, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. निवृत्ती अनवाणीच धावला.

फाटकाशी रत्नागिरीचा जहूर गाडी सुरू करून बसला होता. "यल्ला, चला लवकर पोपटराव! विमान काय तुमच्या मेव्हण्याचं हाय थांबायला?"

"काका, माझा कागद द्या."

"आत्ता? आन बालाजीला काय सांगू? वाऱ्यानं उडाला?"

"मी मागून घेतला म्हणा."

"काय रे, लव लेटर होतं काय?" जहूरने मान बाहेर काढली.

"बहिणीचा वाटा होता."

जहूरने मान आत घेतली. तापलेल्या फरशीवर निवृत्ती एक पाय उचलून दुसरा टेकवत होता. पोपटरावांनी बॅगेतून कागदाचं पाकीट काढलं, पण हातातून सोडलं नाही. "बालाजी तुला शेतात पाय ठेवू द्यायचा नाही, सांगून ठेवतो."

"माझं गेलं तर जाऊ द्या, काका. ते सोडायला मी मोकळा आहे. हे माझं नाही."

पोपटरावांनी पाकीट त्याच्या हातात ठेवलं आणि गाडी गेली. त्याने तिथूनच बालाजीला फोन लावला.

"दिलास कागद?"

"नाही. अक्काचं नाव घालून नवा कर. मग सही."

"कुणी कान भरले तुझे? अक्कानं?"

"तिला अजून पत्ता नाही. आता सांगतो."

चार महिन्यांत त्याने अक्काला फोन केला नव्हता. आता लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"निवृत्ती! बरा हायस न रं?"

"अक्का," तो म्हणाला, "मी कागदावरनं तुझं नाव काढून टाकलं होतं."