बोटावरची ओढ

"जाड नको ताई. जाडात मासा कळत नाय," म्हणत फारुखभाईंनी हातमोज्यांचा तिसरा जोड माझ्याकडे परत सरकवला.

द्वारका चौकाजवळ माझं सेफ्टीच्या सामानाचं दुकान आहे. डिसेंबरात पिंपळगावच्या कोल्ड स्टोअरेजवाल्यांची झुंबड असते, आणि हे गृहस्थ सकाळपासून काउंटर अडवून बसलेले. बरं, हाकलावं तर माणूस गोड बोलणारा! शेजारी बायको, जहिदाभाभी. ती तर तोंडातून शब्द काढत नव्हती.

"मग पातळ घ्या की. हे निळे बघा."

"त्यात पाणी शिरतं. पाण्यानीच तर बोटं बधिर पडतात."

फारुखभाई गंगापूर धरणावर गळ टाकून मासे धरतात. काठी नाही, जाळं नाही. तंगूस, म्हणजे तो नायलॉनचा बारीक दोरा, उजव्या हाताच्या बोटावरून पाण्यात सोडायचा आणि बसून राहायचं. मासा आमिषाला तोंड लावतो ते बोटाला कळलं पाहिजे. त्याच क्षणी झटका दिला तर मासा, नाहीतर नुसता रिकामा गळ. त्यांचे वडीलही असेच धरायचे म्हणे. पण गेल्या हिवाळ्यापासून बोटाला काही कळेनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, साखरेनं नसा गेल्यात. फारुखभाई म्हणत होते, छे, थंडी आहे! हात कोरडे आणि गरम राहिले की झालं.

"आणि मोज्यांनीही नाही जमलं तर?" मी आपलं विचारलं.

"लासलगावला माझा भाऊ हाय," भाभी पहिल्यांदाच बोलली. "त्याच्या कांदाचाळीत कांदे निवडायला या म्हणतो."

"बायांच्या रांगेत बसून कांदे निवडू?" फारुखभाई उसळले. "त्यापेक्षा धरणात उडी मारीन. तू गप बस."

मलाच ओशाळल्यासारखं झालं. कशाला नाक खुपसलं मी?

मग त्यांनी खिशातून लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस काढला. हातमोजे पारखायची त्यांची स्वतःची रीत होती. उजव्या हातात मोजा चढवायचा, बोटावरून तंगूस सोडायचा, डोळे मिटायचे. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला भाभीनं दोरा धरून हळूच ओढायचा, मासा ओढतो तसा.

पहिला जोड नारिंगी रबराचा. भाभीनं ओढला.

"लागला!" म्हणत त्यांनी झटका दिला. भाभीनं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.

"अरे वा! मग घेऊन टाका की हेच," मी म्हटलं.

पण पास झालेलं पोर पुन्हा पेपर मागतं तसं त्यांचं झालं. हा दाखवा, तो दाखवा. हौशी लोक मासेमारीला नेतात ते महागडे मोजे झाले, मोटारसायकलचे झाले. सगळ्यांत "लागला!" चेहरा असा खुलला होता की मीही चहा मागवला. शेवटी गंमत म्हणून बर्फाच्या खोलीत वापरतात तो अस्तराचा जोड दिला. तो घालून माणसाला खिशातला फोनसुद्धा लागत नाही.

"लागला!"

आता मात्र माझा चहा हातातच राहिला. ते अशक्यच होतं. मी भाभीकडे पाहिलं. तिनं दोरा ओढला की तिच्या काचेच्या बांगड्या काउंटरच्या काचेवर किणकिणत होत्या. हा माणूस बोटानं नाही, कानानं मासा धरत होता, आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. भाभीनं माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"आता उघड्या हातानं बघू," फारुखभाई खुशीत म्हणाले. "मग फरक कळंल."

त्यांनी डोळे मिटले. भाभीनं डाव्या हातानं उजव्या मनगटावरच्या बांगड्या वर सारून दाबून धरल्या आणि ओढलं. दोरा त्यांच्या बोटावरून सरकला. मी पाहिलं, कातडीत वळ उमटला.

फारुखभाई मान तिरकी करून वाट बघत होते.

तिनं पुन्हा ओढलं, जोरात.

"ओढ ना."

पुन्हा ओढलं.

"अगं जहिदा, ओढ ना. ताईंना दुसरी गिऱ्हाइकं हायेत."

भाभीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण कोणावर? तिनं दोरा सोडून दिला. बांगड्या खाली येऊ दिल्या आणि रिकामा हात नुसता हलवला.

"लागला!" फारुखभाईंनी हसत झटका दिला.

पलीकडचं सुटं टोक उडून त्यांच्या स्वेटरवर येऊन पडलं. त्यांनी डोळे उघडले. टोकाकडे पाहिलं. मग भाभीच्या हाताकडे, बराच वेळ.

"अदनानचे अब्बा..." ती म्हणाली.

"रडू नको. दुकानात हायेस," ते म्हणाले.

त्यांनी तंगूस लाकडावर गुंडाळला. प्रत्येक वेढा डोळ्यांनी बघत, सावकाश. तो खिशात ठेवला आणि समोरचे सगळे मोजे जोडीला जोड लावून माझ्याकडे सरकवले.

"ताई," ते म्हणाले, "कांदे निवडायला बाया कसले घालतात, ते दाखवा."