जावईबापूंचा सर्व्हर

सकाळी दहाच्या सुमारास टेबलावरचा फोन वाजला. सूनबाईनं उचलला, तर पलीकडे कुणीच नव्हतं. श्वाससुद्धा ऐकू येईना. नंबराच्या जागी नुसतं ‘१०००’ उमटलं होतं. आठवड्यातली ही अकरावी वेळ.

“असेल कुणी टवाळ,” सासूबाई चादरींच्या घड्या घालता घालता म्हणाल्या.

घरचा धंदा रुग्णवाहिकांचा. तीन गाड्या, खाली ऑफिस, वर घर. फोनच्या आठही लाइनी मागच्या खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर यायच्या, आणि कुठला फोन कुणाच्या टेबलावर वाजवायचा ते तो ठरवायचा. हा सर्व्हर जावईबापूंनी बसवला होता. त्यामुळे त्या घरात त्याचा मान काचेच्या कपाटातल्या वस्तूचा. धूळ पुसायची, हात लावायचा नाही.

सूनबाई लग्नाआधी एका कंपनीत असेच सर्व्हर सांभाळायची. मुके फोन म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. बाहेरचा कुणीतरी दारं ठोठावत फिरत होता, कुठलं उघडं सापडतंय ते चाचपत. जावईबापूंनी तिला फक्त बघण्यापुरती परवानगी दिली होती, तेवढ्यावर तिनं दुपारी नोंदी उघडल्या. एका दिवसात आत शिरायचे चार हजार प्रयत्न! प्रत्येक फोनचा पासवर्ड म्हणजे त्याचाच नंबर, १०१ ला १०१, गॅरेजमधल्या १०७ ला १०७. वर सर्व्हरचं पान साऱ्या जगाला उघडं, का तर जावईबापूंना घरबसल्या डोकावता यावं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं.

“अगं, पण हे त्यांना सांगणार कोण?”

“मी सांगते.”

“तू? सुनेनं जावयाची चूक काढायची?” तो कसनुसा हसला. “ताईला तिकडे राहायचंय, बाई.”

सासूबाईंनी तर आवाजच खाली आणला. “मागे तुझे सासरे त्यांना एक शब्द बोलून गेले, तर पोरीला चार महिने माहेरी पाठवलं नाही त्यांनी. त्यांचं तोंड वाकडं झालं की भोगते ती. तू आपली गप्प राहा.”

मुलगी देताना घरादाराची जीभही सोबत देऊन टाकायची, ही रीत कुणी काढली कोण जाणे. पाळतो मात्र आपण सगळे, आणि पाळताना स्वतःला सुसंस्कृत म्हणवून घेतो.

मुके फोन वाढत गेले. मग गुरुवारी एकाएकी थांबले. सासूबाईंना बरं वाटलं. सूनबाईचा मात्र जीव थाऱ्यावर राहिला नाही, कारण ठोठावणारा थांबतो तो एक तर कंटाळून, नाहीतर आत शिरून.

रविवारी ताई आणि जावईबापू जेवायला आले. वर पानं मांडली होती. एक वाजून गेला तरी खाली एकही फोन वाजला नव्हता, म्हणून सूनबाई बघायला उतरली. टेबलावरचे आठही दिवे लाल. रिसीव्हर उचलला तर एकही लाइन मोकळी नाही. पडद्यावर दिसत होतं, आठही लाइनींवरून परदेशी फोन चाललेत, आणि सगळे १०७ वरून. गॅरेजला तर कुलूप होतं. म्हणजे ठोठावणारा १०७ बनून आत शिरला होता आणि यांच्या लाइनींवरून फुकट फोन लावत होता.

इंटरनेटची वायर तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. उपटली असती तर चोर बाहेर आणि लाइनी मोकळ्या. तिनं हात पुढे केला, आणि मागे घेतला. विचारल्याशिवाय हात लावायचा नव्हता ना! ती धावत वर गेली.

“जावईबापू, सर्व्हरवर—”

सासूबाईंनी डोळे वटारले. “त्यांचं जेवण तर होऊ दे.”

“काय झालं?” जावयांनी पानातून मान वर न काढता विचारलं.

“काही नाही हो. तुम्ही सावकाश जेवा. सूनबाई, भात आण.”

तिनं भात आणला. वाढला. ताई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचे दीड झाले, दीडचे पावणेदोन. जावईबापू हात धुवायला उठले तेव्हा खाली कुणीतरी दार बडवत होतं.

मागच्या गल्लीतल्या घड्याळजींची बायको. पायांत चप्पल नाही, हातात मोबाइल. “अहो, लागत का नाही तुमचा फोन? हे छाती धरून पडलेत!”

नवऱ्यानं गाडी काढली. सूनबाईनं वायर उपटली आणि आठही दिवे एकदम विझले. पण घड्याळजी दवाखान्याच्या दारातच गेले. अर्धा तास आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

“लाइन खराब असेल. फोनवाल्यांकडे तक्रार करा,” जावईबापूंनी निकाल दिला. सगळ्यांच्या माना हलल्या.

“लाइन खराब नव्हती,” ताई म्हणाली. “वहिनी मघाशी तेच सांगायला आली होती.”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“पासवर्ड सांगा तिला.”

“घरी चल, मग बघतो तुझ्याकडे.”

“बघा. आधी पासवर्ड.” मग ती आईकडे वळली. “माझ्यासाठी गप्प बसता होय? मला विचारलंत कधी? तुम्ही गप्प बसलात म्हणून माझा एक दिवस तरी सुखाचा गेला का? उलट त्यांना कळलं, या घरात कुणी हूं की चूं करत नाही.”

जावईबापूंनी दातओठ खात पासवर्ड सांगितला आणि एकटेच जिना उतरून गेले. सूनबाईनं एकेक पासवर्ड बदलला, परदेशी फोन बंद केले, सर्व्हरचं पान बाहेरच्या जगाला मिटवून टाकलं. सगळ्या कामाला पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशी ती घड्याळजींच्या घरी गेली. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोबाइलमध्ये तोच नंबर एकाखाली एक सव्वीस वेळा दिसत होता.

“काकू, फोन खराब नव्हता,” सूनबाई म्हणाली. “लाइनी चोरांनी अडवल्या होत्या. मला सव्वा वाजताच कळलं होतं. मोकळ्या करणं माझ्या हातात होतं. मी थांबले.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, त्यांना खरंच कळेना.

“कशासाठी गं थांबलीस?”

खोटं सांगावंसं वाटलं तिला. पण तिनं मान खाली घातली आणि सांगितलं,

“जावई जेवत होते.”