काळं होणारं तेल

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी भूत नाही. सुरतेजवळ उधन्याला, कापड विणायच्या लूमच्या कारखान्यामागं, कडुनिंबाखाली, विटांच्या थप्प्यांवर टेकवलेली जी जुनी जर्मन डिझेल गाडी आहे ना, ती मी. आजूबाजूची मुलं मला बिचकतात. चेंडू माझ्याखाली गेला तर लांबूनच काठीनं ओढतात आणि एकमेकांना म्हणतात, "मत जा उधर, गाडी में कोई रोता है." खोटं कशाला बोलू? दुपारी पत्रा तापला की माझ्या मागच्या सीटवरून कण्हणं ऐकू येतं. मलाही येतं. ते कुणाचं आणि का, हे आज सांगून टाकते. निदान तुम्ही तरी शहाणे व्हाल.

माझा जन्म थंडीच्या मुलखातला. मला बनवणारी माणसं मोजूनमापून काम करणारी. मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा त्यांनी पुढच्या कप्प्यात एक जाड पुस्तक ठेवलं. कुठल्या हवेत इंजिनाला कुठलं तेल घालायचं, यावर त्यात पानंच्या पानं होती. पुस्तक जर्मन भाषेत, आणि मी येऊन पडले सुरतेत! आमच्या शेठनं आफ्रिकेतला धंदा आवरला आणि मला बोटीतून सोबत आणलं. सुरुवातीला काय माझा थाट! चाकांखाली लिंबं, कपाळाला कुंकू, गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायच्या. मीही जरा फुगले होते, नाही म्हणत नाही.

ते पुस्तक उघडलं ते फक्त शालिग्रामनं. तो शेठचा ड्रायव्हर, अमळनेरकडचा. त्याला जर्मन तर सोडाच, इंग्रजीही येत नव्हतं, पण आकडे कळायचे. पानावरचा आकडा आणि डब्यावरचा आकडा बोट ठेवून जुळवायचा. सुरतेच्या उन्हाला घट्ट तेल हवं, डिझेलच्या इंजिनाला डिझेलचंच हवं आणि ते वेळच्या वेळी बदलायला हवं, एवढं तो शिकला. त्यात त्यानं कधी कसूर केली नाही. रोज सकाळी इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून बघायचा, थेंब चिमटीत चोळायचा, हुंगायचा. नवं तेल दोन दिवसांत काळं कुळकुळीत झालं की गडी खूश! त्याची बायको धुरपदाबाई दुपारी डबा घेऊन यायची, तिलाही दाखवायचा. "तेल काळं व्हयनं म्हणजे ते काम करी ऱ्हायनं," म्हणायचा. "पोटातली घाण ते आपल्या अंगावर घेतं बघ." ती माऊली पदर सावरत नीट ऐकून घ्यायची.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात शालिग्राम गेला. छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं आटोपलं. त्यानंतर कितीतरी दिवस सकाळच्या ठरल्या वेळी कुणीतरी माझ्या बॉनेटवर तळवा ठेवल्यासारखं वाटायचं. मी वाट बघायची, आता पट्टी निघेल. पण समोर कुणीच नसायचं.

शेठनं माझी किल्ली शालिग्रामच्या धाकट्या भावाकडे, निंबाकडे दिली. निंबा शेठच्याच कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम नीट करणारा. हाताचा कसबी, मनाचा साफ. पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसलेली: चांगलं तेल म्हणजे स्वच्छ तेल. त्याचं तरी काय चुकलं हो? लूमवर काळ्या तेलाचा एक थेंब कापडावर उडाला की अख्खा तागा नापास आणि कारागीर रडकुंडीला. अठरा वर्षं निंबानं खोबरेलासारखं निर्मळ तेल वापरलं होतं. निंबाच्या लूमवर डाग पडत नाही, असं त्याचं नाव होतं. अशा माणसानं माझी पट्टी काढली, काळंशार तेल बघितलं आणि कपाळावर हात मारला. "दादानं गाडीची पार वाट लावली की!"

तो तडक दुकानात गेला आणि काळं न पडणारं तेल मागितलं. दुकानदारानं शेतातल्या जुन्या पंपाला घालतात तसलं साधं तेल काढून दिलं. निंबा ते माझ्यात ओतत होता तेव्हा धुरपदाबाई जवळच उभी होती. ती भीतभीत म्हणाली, "निंबाभाऊ, तुमना दादा सांगे, काळं होणारंच तेल चांगलं."

निंबा हसला. "वहिनी, तुम्ही भाकरीचं बघा. तेलात माझी हयात गेली."

गेली होती खरी, पण लूमच्या तेलात! मित्रांनो, चूल पेटली की काजळी धरणारच. ती तेलानं उचलली नाही, तर ती जाणार कुठं? माझ्या पोटातच बसली. तीन वर्षं थरावर थर चढत गेला. पट्टीवर मात्र तेल छान पिवळं दिसायचं आणि निंबा समाधानानं मान हलवायचा. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कशी? देवानं मला तोंड दिलं नाही, नुसता भोंगा दिला. शेठ म्हातारे झालेले, आठवड्यातून एकदा देवळापर्यंत जायचे. तेवढ्याशा कामात माझं दुखणं झाकून गेलं.

मग चौऱ्याण्णवचा सप्टेंबर आला. प्लेगची बातमी फुटली आणि सुरत रिकामी व्हायला लागली. जो तो तोंडाला रुमाल बांधून पळतोय. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही, ओळखीच्या डॉक्टरांची शटरं ओढलेली. आणि नेमकी त्याच वेळी निंबाची एकुलती एक लेक छाया पहिल्या बाळंतपणाला सुरतेत, नवागामला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. तिची आई लहानपणीच वारली होती. तिला वाढवलं धुरपदाबाईनं. छाया तिला मोठीमाय म्हणायची. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे सगळा भार बापावर. छायाला नवापूरजवळ तिच्या सासरी सुखरूप पोचवायचं, असं निंबानं ठरवलं. शेठ मुलाबरोबर मुंबईला निघाले होते. ते म्हणाले, "निंबाभाई, मारी गाडीमां छोकरीने लई जाव."

निंबाला वाटलं, एवढा लांबचा पल्ला, पोटुशी पोर, या खेपेला काही कमी पडायला नको. तो दुकानातलं सगळ्यांत महागाचं, खास डिझेलचं तेल घेऊन आला. धुरपदाबाई म्हणाली, "भाऊ, आधी कामरेजला श्रीरंगला तरी विचारा." श्रीरंग हा माझा मिस्त्री, परभणीकडचा, शालिग्रामचा जिवाभावाचा.

"तेलच ते, वहिनी! त्यात विचारायचं काय?" निंबा म्हणाला आणि त्यानं जुनं तेल खाली सोडून देऊन नवं ओतलं.

मित्रांनो, तेल अगदी योग्य होतं. शालिग्राम घालायचा तेच. पण पोटात तीन वर्षांची घाण असताना ते असं एकदम ओतायचं नसतं. आधी खालचं चेंबर, जिथं तेल साठतं ते, खोलून धुवायचं असतं. श्रीरंगनं हे एका वाक्यात सांगितलं असतं. चांगल्या तेलानं आपलं काम चोख केलं. वाळलेली सगळी घाण त्यानं सोडवली आणि ती वाहत जाऊन तेलाच्या गाळणीवर बसायला लागली.

सकाळी निघालो. छाया मागच्या सीटवर, डोकं मोठीमायच्या मांडीवर. सुरुवातीला मलाच तरुण झाल्यासारखं वाटत होतं. कडोदरा गेलं, बारडोली गेली. छाया हसून म्हणालीसुद्धा, "बाबा, गाडी कशी पाण्यासारखी चाललीय!" दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. आणि तिथं तिला कळा सुरू झाल्या.

पुढं व्यारा होतं, तिथं दवाखाना होता. निंबानं वेग वाढवला आणि माझ्या तेलाच्या दाबाचा काटा पडायला लागला. तीनवरून दोन, दोनवरून एक. काटा पडला की जागच्या जागी थांबायचं, हे शालिग्रामनं घरातल्या सगळ्यांना शंभरदा सांगितलं होतं. निंबानं काट्याकडे बघितलं. मग आरशात लेकीकडे बघितलं. तो थांबला नाही. कुठला बाप थांबेल? माझ्या अंगात लोखंडावर लोखंड कोरडं घासत होतं. देवाशप्पथ सांगते, तेव्हा माझ्या बॉनेटवर तो तळवा होता, दाबून धरलेला, थांब म्हणणारा. मी तशीच कोस-दीड कोस पळाले. मग खडाक् करून आतलं सगळं एकजीव झालं आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

निंबा हात जोडून रस्त्यात उभा राहिला. गाड्या येत होत्या, सुरतचा नंबर बघत होत्या, काचा वर करून निघून जात होत्या. शिव्या कुणाला द्यायच्या? सगळेच भ्यालेले. शेवटी धुरपदाबाईनंच माझ्या सीटवर बाळंतपण केलं. मुलगी झाली. ती टाहो फोडून रडली तेव्हा क्षणभर वाटलं, सुटलो! पण छायाचं रक्त थांबेना.

"बाबा, गाडी सुरू झाली का?" तिनं विचारलं.

"होतेय बेटा, होतेय." निंबा किल्ली फिरवत होता. माझ्यातून नुसता टक् असा आवाज यायचा.

थोड्या वेळानं पुन्हा, "सुरू झाली का?" तो पुन्हा किल्ली फिरवायचा. मी जीव तोडून जोर लावला, खरंच लावला. असं तिनं पाचदा विचारलं. सहाव्यांदा विचारलं नाही. माझ्या मागच्या सीटवरचं ते कण्हणं तिचंच. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर थांबला तोवर दुपार कलली होती. तेव्हा नेण्यासारखी फक्त ती तान्ही मुलगी उरली होती.

पंधरा दिवसांनी मला ओढून कामरेजला नेलं. श्रीरंगनं चेंबर खोललं. आत काळा चिखल, गाळणीवर बोटभर थर. काय झालं ते त्याला लगेच कळलं. निंबा यायच्या आत त्यानं गाळणी रॉकेलमध्ये घासून घासून धुतली आणि निंबा आल्यावर म्हणाला, "जुनं मशीन होतं निंबाभाऊ. आज ना उद्या जाणारच होतं. कुणाच्या हातात नव्हतं बघा."

निंबानं गाळणी हातात घेतली. अठरा वर्षं तेलात काम केलेला माणूस तो. त्यानं ती नाकाशी नेली. रॉकेलचा वास ताजा होता, म्हणजे घाण नुकतीच धुऊन काढलेली. त्यानं श्रीरंगकडे बघितलं, "बरं," म्हणाला आणि गाळणी जपून खाली ठेवून निघून गेला.

त्यानंतर त्यानं याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला भंगारात घालू दिलं नाही, इथं आणून उभं केलं. धुरपदाबाईही कधी 'मी सांगत होते' असं म्हणाली नाही. त्या एका घरात दोघं पाच वर्षं हे गिळून राहिली. त्या कण्हण्यापेक्षा त्यांच्या मुकाट बसण्याचीच मला जास्त भीती वाटायची.

छायाची मुलगी वर्षा आता पाच वर्षांची आहे. सुरतेतली ती एकटीच मला भीत नाही. परवा रविवारी ती आजोबांना आणि मोठीमायला घेऊन इकडे आली, माझं स्टिअरिंग धरून बसली आणि तिनं विचारलं, "आबा, ही बंद का पडली? म्हातारी झाली म्हणून?"

निंबानं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. श्रीरंगनं त्याला उत्तर तयार करून दिलंच होतं. पण तो माझ्या दाराशी उकिडवा बसला. "नाही बेटा," म्हणाला. "हिला काय लागतं ते तुझ्या मोठीमायला ठाऊक होतं. तिनं दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही, श्रीरंगला विचारलंही नाही. म्हणून गाडी बंद पडली आणि म्हणून तुझी माय गेली."

धुरपदाबाईनं तोंडात पदर कोंबला. पाच वर्षांत पहिल्यांदा मी तिला हमसून हमसून रडताना ऐकलं. पोरीनं आजोबांकडे बघितलं, मोठीमायकडे बघितलं आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "मग आता मोठीमायला विचार ना, आबा."

निंबा उठला आणि धुरपदाबाईपाशी जाऊन बसला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं यंत्र असेल, एखादं जुनं माणूस असेल. त्याला काय चालतं, काय सोसत नाही, हे जाणणारं कुणीतरी घरातच चुलीपाशी बसलेलं असेल. तुमच्या हातात अजून वेळ आहे. विचारा.