कोपराइतका ओटा

आक्काचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते, आणि मनातल्या मनात त्यांनी त्याचं उत्तर लिहिलं नाही असा त्यातला एकही दिवस गेला नव्हता. दूध आणायला जाताना लिहिलं, आंघोळ करताना लिहिलं, दाढी करताना तर एकदा इतकं झकास लिहिलं की गाल कापला. कागदावर मात्र एक अक्षर उतरलं नाही. पत्र जाड शब्दकोशात घडी घालून ठेवलं होतं, आणि शब्दकोश कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर. हल्ली एखादा शब्द अडला तर ते दुसरा, लहान कोश काढत.

गल्लीत त्यांना सगळे प्रूफवाले म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या ओळी तपासल्या होत्या. निवृत्त होऊनही सवय सुटली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा ते हातात पेन्सिल असल्यासारखा वाचत. पण आक्काचं पत्र त्यांनी एकदाच वाचलं होतं, तेही उभ्या उभ्या.

पत्रात चार ओळी होत्या. ती ज्याच्या घरी राहते त्या पुतण्याचं लग्न झालं. स्वयंपाकघर आता त्याच्या बायकोचं. मुलगी चांगली आहे, पण एका ओट्याशी दोन बायका मावत नाहीत. ‘तू एकटाच आहेस. तुझ्याकडे राहायला येऊ का?’

त्या ‘येऊ का’पाशीच त्यांनी पत्र मिटलं होतं.

आक्का त्यांची बहीण, चार वर्षांनी मोठी. कानांनी पार गेलेली, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. बोलायची ती मात्र नदीच्या पलीकडे कुणी उभं असल्यासारखी. ती आली की खिडक्या उघडणार, पुस्तकं झटकणार, दिवसभर काही ना काही विचारणार आणि उत्तर ऐकू न आल्यामुळे पुन्हा विचारणार. बायको गेल्यावर घरात जी शांतता पसरली तिचं त्यांना आधी भय वाटलं होतं, मग सवय झाली, आणि आता तीन वर्षांनी ते तिच्यावर पहारा देत बसले होते. हे पत्रात कसं लिहिणार? आणि ‘ये’ असंही कसं लिहिणार? म्हणून काहीच लिहिलं नाही. एक महिना गेल्यावर उशीर झाल्याची लाज वाटली, आणि नंतर त्या लाजेमुळेच उशीर होत गेला.

अशात एके सकाळी सिंकखालच्या कपाटाचं दार त्यांच्या हातात आलं. बिजागरीसकट. आतली फळी ओल पिऊन फुगली होती, बोट लावलं की भुसा पडत होता. रविवारी मुलगी आली, तिनं दार भिंतीशी टेकवलेलं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

“बाबा, हे कधी पडलं?”

“मंगळवारी.”

“आणि तुम्ही त्याला नमस्कार करून पुढे गेलात?”

“अडत नव्हतं काही.”

“तुमचं कशानेच अडत नाही. उद्या भिंत पडली तर म्हणाल, हवा बरी येते.”

मग ठरलं. एक ठेव नुकतीच मुदत संपून हाती आली होती. तेवढ्यातच नवं स्वयंपाकघर बसवायचं, एक पैसाही वर नाही. प्रूफवाल्यांनी एक वही केली. तीन दुकानांची माहितीपत्रकं आणली, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका आधी दुरुस्त केल्या आणि मग मजकूर वाचला. भुशाची फळी कुठे टिकते, प्लाय कुठे हवं, पूर्ण बाहेर येणारा सरकता कप्पा घेतला तर किती पैसे जास्त लागतात, सगळं वहीत गेलं. परीक्षेला बसल्यासारखे ते तयारी करत होते. खरं तर बरं वाटत होतं. वही लिहिताना पत्र आठवत नसे.

तिसऱ्या दुकानात त्यांना ते दिसलं. फिकट राखाडी दारं, आतून बाहेरून प्लाय, जाड दगडाचा ओटा, बिजागऱ्या अशा की दार ढकललं तरी आपोआप हळू मिटावं. दुकानात मांडून ठेवलेलं हे स्वयंपाकघर आता नव्या नमुन्यासाठी जागा करायला काढायचं होतं. किंमत निम्म्यावर.

“मांडणीतलं आहे म्हणून, काका. नाहीतर या भावात नुसती दारं आली असती,” दुकानातली बाई म्हणाली. “शनिवारपर्यंत तुमच्यासाठी थांबवते. लांबी तुमच्या भिंतीला चपखल आहे. फक्त उंची आहे ती आहे. ती कमी-जास्त होत नाही.”

सोबत आलेल्या मुलीनं ओट्यावर हात ठेवून पाहिला. “तुम्हाला काय, बाबा, तुम्ही ताडमाड. आत्याला मात्र हनुवटीशी येईल हे.” आणि हसत म्हणाली, “पण आत्या कुठे यायची आहे म्हणा. तिनं कधी विचारलंय, येऊ का म्हणून?”

प्रूफवाले दारातली बिजागरी न्याहाळत राहिले. “बिजागरी चांगली आहे,” ते म्हणाले.

पत्राचं त्यांनी मुलीला सांगितलंच नव्हतं. पण त्या क्षणी त्यांना खोटं बोलल्यापेक्षा वाईट असं काहीतरी जाणवलं. त्यांना हायसं वाटलं होतं. ओटा उंच, आक्का बुटकी. कुणालाही पटेल असं कारण. ‘आक्का, तू आली असतीस तर आनंदच होता, पण इथला ओटा...’ चौदा महिन्यांत पहिल्यांदाच उत्तराचं एक वाक्य पूर्ण झालं, आणि ते असलं निघालं. घरी परतताना बसमध्ये मुलगी स्वस्त मिळाल्याच्या आनंदात बोलत होती आणि ते खिडकीबाहेर बघत होते. आपल्यासारख्या भित्र्या माणसाला पाप करायला धाडस लागत नाही, गप्प बसलं की पुरतं, असं काहीसं त्यांच्या मनात येत होतं.

गुरुवारी सकाळी सुतार आला. भिंत सरळ आहे का, पाण्याचा नळ कुठे येतो हे बघून दुकानाला कळवायचं होतं. साठीच्या आसपासचा, कानावर पेन्सिल. त्यानं टेप काढली आणि भिंत मोजायच्या आधी प्रूफवाल्यांनाच भिंतीशी उभं केलं.

“हात खाली सोडा. आता कोपरात वाकवा. हां.” त्यानं जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली. “ओटा कोपराच्या चार बोटं खाली पाहिजे. माणूस मोजायचा आधी, मग भिंत. दुकानवाले उलटं करतात. तुम्हाला बसतोय हा, नशीब तुमचं.”

“आणि कुणी बुटकं असलं तर?”

“किती बुटकं?”

प्रूफवाल्यांनी हात आपल्या छातीपाशी धरला.

“मग त्या बाई पायाखाली काहीतरी घेणार. खोकं, स्टूल, जे हाताला येईल ते. पडतात हो, काका. वय झालं की पडतात, आणि हातात नेमकं उकळतं भांडं असतं.” तो सिंकखाली वाकला. “कोण येणार आहे का?”

 प्रूफवाले एका लाकडी खोक्याकडे बघत होते, जे तिथे नव्हतं. साठ-एक वर्षांपूर्वी ते खोकं दुसऱ्याच घरात, दुसऱ्याच ओट्याशी उपडं घातलेलं होतं. आई गेली तेव्हा आक्का अकरा वर्षांची होती. ओटा आईच्या उंचीचा. आक्का त्या खोक्यावर चढून स्वयंपाक करायची, कारण वडील कामावर आणि धाकट्याला शाळा. तो उंबऱ्यावर बसून वाचायचा. ती त्याला पुस्तक्या म्हणायची, आणि शेजारणीला अभिमानानं सांगायची, आमच्या पुस्तक्याला कामाला लावायचं नाही. एक दिवस खोकं कलंडलं. आक्का भांड्यासकट खाली आली, गरम पाणी डाव्या हातावर. ती ओरडली नाही. आणि तो, सात वर्षांचा, गोष्ट अगदी ऐन रंगात आली होती म्हणून पान न सोडता म्हणाला होता, “आक्का, जेवायला किती वेळ?”

ते वाक्य आजवर कुणी त्यांच्या तोंडावर फेकलं नव्हतं. आक्कानं तर नाहीच. तिच्या हातावरचा डाग मात्र त्यांनी प्रत्येक भेटीत पाहिला होता, आणि प्रत्येक भेटीत दुसरीकडे बघितलं होतं.

सुतार गेल्यावर त्यांनी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरचा शब्दकोश काढला आणि पत्र उघडलं. पुन्हा त्या चार ओळी. ‘येऊ का?’ कागद उजेडाकडे धरल्यावर पलीकडून शाई दिसली. त्यांनी पान उलटलं.

पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पानं उलटणाऱ्या माणसानं बहिणीचं पान उलटलं नव्हतं.

मागे लिहिलं होतं: ‘तुझ्याकडचा ओटा उंच आहे, मला आठवतं. त्याची काळजी करू नकोस. मी पायाखाली खोकं घेईन, मला सवय आहे. उत्तराची घाई नाही. तुला पत्र लिहायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे.’

ते स्टुलावरच बसून राहिले. घरातली शांतता होती तशीच होती, पण आता ती त्यांना राखावीशी वाटेना.

संध्याकाळी त्यांनी मुलीला बोलावून घेतलं आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते दोन्ही बाजूंनी वाचलं. तारीख पाहिली. पुन्हा तारीख पाहिली.

“बाबा, हे गेल्या वर्षीचं आहे.”

“हो.”

“आणि मी त्या दुकानात दात काढून बोलले, आत्यानं कधी विचारलंय म्हणून. तुम्ही तिथेच उभे होतात.”

“हो.”

“आणि म्हणालात काय, तर बिजागरी चांगली आहे.” ती रागानं उठली, पाणी प्यायली, परत आली. “तिला काय वाटलं असेल या चौदा महिन्यांत? रोज टपालाची वाट बघत असेल ती. आई असती ना, तुम्हाला घराबाहेर काढलं असतं.”

“काढायलाच हवं होतं,” ते म्हणाले.  मुलीनं त्यांच्याकडे बघितलं आणि तिचा आवाज जरा उतरला.

“आता काय करायचं?”

“दुकानाला नको म्हणून सांग. ते राखाडी.”

“अर्ध्या किमतीतलं? असं पुन्हा मिळणार नाही.”

“मिळू नये,” प्रूफवाले म्हणाले. इतकं ठाम ते कधी बोलले असतील हे दोघांनाही आठवेना.

शुक्रवारी सुतार पुन्हा आला. वही समोर ठेवून तिघं बसले. नव्यानं बनवून घ्यायचं तर ठेवीत बसत नव्हतं, दगड एकट्यानंच बरंच खाऊन टाकत होता.

“वरची कपाटं कुणासाठी?” सुतारानं विचारलं. “त्या बाईंचा हात पोचणार नाही, आणि तुम्ही वर पुस्तकंच ठेवाल. वरचं सगळं उडवा. एक उघडी फळी, तीही हाताशी. दारं साधी. पैसा कुठे घालायचा, तर सिंकखाली चांगलं प्लाय आणि कप्प्यांच्या पट्ट्या दणकट. सिंक जुनंच राहू दे, त्याला काय झालंय? दगड पातळ घेऊ, पण कड गोल करून देतो.”

मुलीनं बेरीज केली. बसत होतं, जेमतेम.

“फक्त उंची सांगा. कोपर किती? आकडा आल्याशिवाय करवत लावत नाही मी.”

“मागवतो,” प्रूफवाले म्हणाले.

“फोन करा की.”

“तिला ऐकू येत नाही. लिहायला लागेल.”

“मग आज टाका बुवा,” सुतार म्हणाला. “माझं पुढचं काम तीन आठवड्यांनी आहे, त्याआधी हे उरकायला हवं.”

ते टेबलाशी बसले. पहिला कागद ‘माफी’पाशी अडला. दुसऱ्यावर चौदा महिन्यांची कारणं आली आणि ती वाचताना त्यांना स्वतःचीच किळस आली. तिसऱ्यावर त्यांनी लिहिलं:

‘आक्का, ये. तुझ्या पत्राचं मागचं पान मी काल वाचलं. खोकं नको. सोबत सुतळी आहे. भिंतीला टेकून उभी राहा, हात कोपरात वाकव, आणि सुनेला सांग सुतळी जमिनीपासून कोपरापर्यंत धरून गाठ मारायला. तिकीट लावलेलं पाकीट आत आहे, त्यात घालून लगेच पाठव. ओटा त्याच मापानं होईल. त्या दिवशी तू पडलीस तेव्हा मी उठलो नाही. तुला आठवत नसेल. मला आठवतं. पुस्तक्या.’

‘तुला आठवत नसेल’ हे खोटं होतं. तिला आठवत असणारच. त्यांनी ते तीन शब्द खोडले. पान खराब दिसत होतं, छापखान्यात असतं तर परत पाठवलं असतं. त्यांनी ते तसंच दुमडून मोठ्या पाकिटात घातलं, परतीचं पाकीट आणि गुंडाळलेली सुतळी आत सरकवली आणि चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत दोनशे पावलं होती. निम्म्या वाटेवर एकदा थांबून त्यांनी पाकीट चाचपलं. सुतळीचा फुगवटा लागला. पेटीच्या फटीत तो जरा अडकला, मग त्यांनी अंगठ्यानं दाबला आणि पाकीट आत पडलं.